अकाली पिकलेलं लाकूड

कुंपणाचा डांब शेंड्याकडून कुजत नाही आणि बुडाकडूनही सहसा कुजत नाही. तो कुजतो घोट्याशी. जमिनीतून वर येतो त्या जागी, वीतभर वर आणि वीतभर खाली. बाकी सगळा डांब ठणठणीत असतो. मग एखाद्या दुपारी म्हैस पाठ खाजवायला त्याला टेकते आणि डांब कडकन मोडून पडतो. दोष म्हशीला जातो.

माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यातलं. पावसाळा सरला की आजोबा कुंपणाला फेरी मारत आणि प्रत्येक डांबाला अगदी जमिनीलगत पायाने ठोकरून बघत. आवाज बद्द आला की तो डांब गेला समजायचं. नवे डांब ऐनाचे किंवा किंजळीचे असत. पुरण्याआधी त्यांची बुडं जाळात धरून काळी करायची आणि वर डांबर फासायचं, हे काम आम्हा मुलांचं. "डांबाचो घोटो सांभाळ, बाकीचो डांब आपणच ऱ्हवतलो," असं ते म्हणत. आम्हाला त्यात फक्त डांबराने हात काळे करण्याची मजा दिसायची.

घोटाच का, हे फार पुढे कळलं. लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते, आणि तिला चार गोष्टी एकाच जागी लागतात: अन्न, ओल, हवा आणि बेताची ऊब. डांबाचा वरचा भाग उन्हावाऱ्याने सुकतो. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या वीसेक टक्क्यांहून कमी पाणी त्यात उरलं की बुरशीचं काही चालत नाही. खाली घट्ट, ओल्या मातीत पाणी हवं तेवढं, पण प्राणवायू तुटपुंजा. व्हेनिसच्या इमारती खाऱ्या चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर शतकानुशतकं उभ्या आहेत, त्याचं मोठं कारण हेच की तिथे खाली बुरशीला श्वास घेता येत नाही. घोट्याशी मात्र खालून ओल चढते, वरून हवा मिळते आणि जेवण समोरच उभं असतं.

मग न कुजणारं लाकूड वापरावं, इतकं सोपं उत्तर कुणीही देईल. साग, खैर अशी लाकडं आपल्या ओळखीची आहेतच. अडचण अशी की ती पिकावी लागतात. कोवळ्या सागाचं खोड कापून पाहा: मध्ये जरासा तपकिरी ठिपका आणि भोवती सगळा पांढरा भाग. त्या पांढऱ्या भागाला कुजायला दोन पावसाळे पुरतात. टिकाऊपणा वयाबरोबर येतो, असं आपण गृहीत धरून चालतो. त्या समजुतीला इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंट आणि ससेक्स परगण्यांतलं एक झाड सरळ छेद देतं. ते पंधरा वर्षांच्या पोरवयातच आतून म्हातारं झालेलं असतं, आणि तिथल्या कुंपणांचा सगळा धंदा या एका विक्षिप्तपणावर उभा आहे.

झाडाचं नाव गोड चेस्टनट. शास्त्रीय नाव कॅस्टेनिया सटायव्हा. आधी नावांचा गोंधळ निस्तरून टाकू. आपल्या शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हॉर्स चेस्टनट म्हणून लंडनच्या बागांमध्ये जे झाड दिसतं, तेही दुसऱ्याच कुळातलं. गोड चेस्टनट ओक आणि बीच यांच्या कुळातला. हिवाळ्यात युरोपातल्या रस्त्यांवर कोळशाच्या शेगडीवर भाजून पुडीत देतात ती बी याची. झाड मूळचं दक्षिण युरोप आणि पश्चिम आशियाकडचं, आणि मोकळं वाढू दिलं तर अवाढव्य होतं. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर 'शंभर घोड्यांचा चेस्टनट' नावाचं झाड आहे. एका राणीने वादळात शंभर घोडेस्वारांसह त्याच्याखाली आसरा घेतला अशी दंतकथा. १७८० साली त्याचा घेर मोजला तो ५७.९ मीटर भरला. आता त्याच्या खोडाचे वेगवेगळे भाग झाले आहेत, पण मुळं एकच आहेत.

इंग्लंडमध्ये हे झाड रोमन सैनिकांनी आणलं असं तिथे पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी उत्खननांतले रोमन काळातले पुरावे पुन्हा तपासले, आणि त्या काळी चेस्टनट ब्रिटनमध्ये वाढत होता असं सांगणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मला यात एक गंमत वाटते. आपल्याकडे जुनं काही दिसलं की पांडवांनी बांधलं म्हणतात. त्यांचे पांडव रोमन.

तर केंट. तिथे चेस्टनटचं झाड क्वचितच झाडासारखं दिसतं. दिसतो तो जमिनीलगतचा एक रुंद, गाठाळलेला बुडखा आणि त्यातून निघालेले सहा-आठ सरळसोट सोट. ही पद्धत ऊसवाल्यांना वेगळी समजावून सांगायला नको: हा खोडव्याचाच प्रकार. ऊस जमिनीलगत तोडला की त्याच बुडातून नवे फुटवे येतात, लागवडीचा खर्च वाचतो, आणि खोडवा लागणीपेक्षा लवकर हाताशी येतो. चेस्टनटचंही तसंच, फक्त उसाला वर्ष पुरतं तिथे याला बारा ते अठरा वर्षं द्यायची. पानगळ झाल्यावर, वसंताआधी, सोट जमिनीलगत कापतात. सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि धुमारे फुटतात. मुळं म्हाताऱ्या झाडाची आणि कोंब नवा, त्यामुळे अख्ख्या मुळांचं बळ मूठभर कोंबांना मिळतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते माणसाच्या उंचीला सहज पोचतात. वर उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ असल्याने सरळ वाढतात, बाजूला फांद्या टाकत नाहीत. फांदी नाही म्हणजे गाठ नाही. बुडखा मात्र या सगळ्याने झिजत नाही, दर तोडीनंतर रुंदावतच जातो. एकच बुडखा शतकानुशतकं पीक देत राहतो.

इंग्रजीत या पद्धतीला कॉपिस म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधल्या 'तोडणे' या क्रियापदावरून आला. त्याच क्रियापदाचं दुसरं अपत्य आपल्याकडे येऊन पोचलं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात यंदा ज्या तुकड्याची तोड व्हायची त्याला वनखात्याचे लोक 'कूप' म्हणतात. विहीर म्हणजे कूप, तो हा नव्हे. हा फ्रेंच 'कूप', म्हणजे तोड. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या वनखात्यात येणाऱ्या इंग्रज तरुणांना वनशास्त्र शिकायला फ्रान्समध्ये नान्सीला पाठवत; शब्द त्या वाटेने आला असावा. लाकूडतोड्या आणि रेंजर आज तो इतक्या सहज वापरतात की तो परका वाटत नाही.

आता त्या विक्षिप्तपणाकडे. कुठल्याही झाडाचं खोड दोन भागांचं असतं. बाहेरच्या बाजूला रसकाष्ठ, म्हणजे मुळांनी ओढलेलं पाणी वर नेणारा जिवंत थर. त्यात साखर आणि पिठूळ साठा असतो, म्हणून बुरशीच्या दृष्टीने तो फराळाचा डबा. आत गाभा. तो पूर्ण मेलेला असतो, पाणी वाहत नाही, फक्त झाड पेलतो. टिकाऊपणा गाभ्यात असतो. साग असो वा ओक, रसकाष्ठ सगळ्या झाडांचं सारखंच नाशवंत. युरोपीय मानकात ते सरसकट शेवटच्या, पाचव्या वर्गात टाकतात. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की झाड रसकाष्ठाचा गाभा कधी करतं.

इंग्लंडमधल्या ओकमध्ये बाहेरची दहा ते चाळीसच्या आसपास वर्षवलयं रसकाष्ठाची असतात. चेस्टनटमध्ये दोन ते पाच. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून जरा हिशोब करू. पंधरा वर्षांचा, बारा सेंटिमीटर जाडीचा एक सोट घ्या आणि वलयं सारख्या जाडीची धरा. चेस्टनटमध्ये बाहेरची तीन वलयं रसकाष्ठाची धरली तर आतली बारा गाभ्याची, आणि कापलेल्या तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गाभा. आता त्याच वयाचा, त्याच जाडीचा ओक घ्या आणि अगदी उदार होऊन फक्त दहा वलयं रसकाष्ठाची धरा. गाभा उरतो एक नवमांश, जेमतेम ओंडक्यातली पेन्सिल. त्या वयाच्या ओकचा डांब पुरणं म्हणजे बुरशीला पंगतीला बसवणं. तोच ओक शंभर-सव्वाशे वर्षं थांबला तर उत्तम. पण कुंपणासाठी शंभर वर्षं कोण थांबणार?

गाभा तयार होतो कसा, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. रसकाष्ठाच्या आतल्या कडेला काही जिवंत पेशी असतात. त्यांची मरायची वेळ आली की त्या आपला साखर-पिठाचा साठा मोडतात आणि त्यातून कडू, तुरट, विषारी रसायनं बनवतात. शेजारच्या मोकळ्या नळ्यांमध्ये, ज्यांतून वर्षानुवर्षं पाणी वर गेलं, त्या पेशी फुग्यासारखे पडदे फुगवतात आणि नळ्या बुजवून टाकतात. मग रसायनं आजूबाजूच्या भिंतींमध्ये झिरपतात आणि पेशी मरतात. घर सोडून जाणारा माणूस खिडक्यांना फळ्या ठोकतो, वाळवीचं औषध मारतो आणि कुलूप लावतो, तसंच. फक्त इथे मालक बाहेर पडत नाही. चेस्टनट हे सगळं तीन-चार वर्षांच्या वलयात उरकतो.

या रसायनांना टॅनिन म्हणतात. शब्द परका असला तरी त्याची चव आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे. कच्चं जांभूळ चावल्यावर तोंड आवळून येतं, जिभेवर जणू कापड घासल्यासारखं होतं, तो तुरटपणा टॅनिनचा. लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना धरून त्यांचे गठ्ठे बांधतं आणि वंगण संपतं. कातडं कमावतात तेही याच न्यायाने: कातड्यातली प्रथिनं टॅनिनने एकमेकांना जखडली की चामडं कुजत नाही. आता बुरशीचा विचार करा. तिला तोंड नाही. ती आपली पाचक द्रव्यं बाहेर लाकडावर सोडते, आणि तिथे पचलेलं आत ओढते. ती पाचक द्रव्यं प्रथिनंच असतात. म्हणजे चेस्टनटच्या गाभ्यावर बसलेल्या बुरशीला जेवणाआधीच तोंड आवळण्याचा अनुभव येतो, तोही आपल्यापेक्षा फार वाईट. शिवाय काही बुरशी लाकूड फोडायला लोहाच्या अणूंचा हत्यारासारखा उपयोग करतात. टॅनिन लोहालाही पकडून ठेवतं. हत्यार जप्त.

लोह आणि टॅनिनची ही मिठी डोळ्यांनी पाहता येते. ओल्या चेस्टनटमध्ये साधा लोखंडी खिळा ठोका. काही दिवसांत भोवती निळसर काळा ओघळ उतरतो. युरोपात शतकानुशतकं वापरली गेलेली काळी शाई हीच, फक्त दौतीतली. आपल्याकडच्या हिरड्याच्या शाईतही तेच. हे सुंदर असलं तरी खिळ्याला महागात पडतं, कारण तो गंजून बारीक होत जातो. म्हणून चेस्टनटला जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरायचे.

हिरड्याचा उल्लेख उगाच केला नाही. विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना टॅनिन प्रचंड लागे. युरोपात त्यासाठी चेस्टनटचं लाकूड उकळून अर्क काढत. आणि इंग्लंडात बोटी भरभरून हिंदुस्थानातला हिरडा जाई. त्या व्यापारात मालाच्या प्रती ओळखल्या जात त्या गावांच्या नावांनी. एक प्रत होती 'जबलपूर', दुसरी 'व्हिंगोर्ला'. व्हिंगोर्ला म्हणजे आमचं वेंगुर्लं, त्या काळचं गजबजलेलं बंदर. आजोबांनी आमच्याकडून किंजळीची बुडं जाळात धरवली ती परंपरेने. किंजळ, ऐन आणि हिरडा एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग त्यात काय, साल चावून बघ.

एक गोष्ट मात्र केंटमधल्या शेतकऱ्याला फुकट मिळाली आहे आणि ती मोजली पाहिजे: तिथे वाळवी नाही. आजोबांच्या डांबांना बुरशीबरोबर तिच्याशीही झुंजावं लागे. म्हणूनच कोकणातल्या वईत, म्हणजे कुंपणात, पांगारा, निर्गुडी अशा जिवंत काठ्या रोवण्याची रीत पडली असावी. जे रुजलं आहे ते कुजत नाही.

चेस्टनटचा डांब करायचा तर करवतीला हात लावायचा नाही, निदान लांबीच्या दिशेने तरी नाही. तो फोडायचा. यामागे लाकडाची रचना आहे. पाणी वाहणाऱ्या नळ्या खोडाच्या लांबीने धावतात, पण अगदी नाकासमोर नाही. जरा वळत, जरा कलत. करवत सरळ रेषेत जाते आणि वाटेत या नळ्या तिरक्या कापते. प्रत्येक कापलेली नळी म्हणजे पावसाला उघडं तोंड. पाचर मारून फोडलं तर चीर नळ्यांच्या मधून, लाकडाच्या मर्जीने जाते. तंतू अखंड राहतात, पाणी पृष्ठभागावरून निथळून जातं, आणि तीच जाडी जास्त भार पेलते. चेस्टनट फुटतोही लाडात आल्यासारखा. ओकच्या लाकडात केंद्रापासून सालीकडे जाणारे रुंद पट्टे असतात, त्यांच्या कलाने घ्यावं लागतं. चेस्टनटमध्ये ते पट्टे इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तो कुठूनही फुटायला तयार. तयार फळीत या दोघांना ओळखायची खूणही तीच. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं जुनं छप्पर चेस्टनटचं आहे अशी दंतकथा फार काळ चालली होती. निघालं ओकच.

फोडायचं हत्यार आपल्याकडच्या सुताराच्या पेटीत मला कधी दिसलं नाही. इंग्रजीत त्याला फ्रो म्हणतात: लांब, बोथट पातं आणि त्याला काटकोनात उभी लाकडी मूठ. दोन आडव्या दांड्यांच्या बेचक्यात सोट अडकवतात, तोंडावर पातं ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात, आणि ते आत शिरलं की मोगरी बाजूला ठेवून मूठ ओढतात. खरं काम पातं करत नाही, तरफ करते. चर्र आवाज करत चीर पुढे सरकते. आता कसब इथे आहे. चीर मधोमध चालेलच असं नाही; ती एका बाजूला सरकू लागली की एक भाग जाड आणि एक पातळ होऊ लागतो. नवखा माणूस तिथे घाबरून जास्त जोर लावतो आणि डांबाऐवजी पाचर घेऊन घरी जातो. जाणता माणूस सोट फिरवून जाड बाजू खाली आणतो आणि तीच खाली दाबतो. ज्या बाजूला जास्त वाकवाल त्या बाजूला चीर वळते. हळूहळू ती मध्यावर परत येते. चीर हाकता येते, बैलासारखी, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

हे सगळं लाकूड ओलं असतानाच करायचं. वाळलेला चेस्टनट फुटायला हट्टी होतो. मग दोन्ही टोकांना मूठ असलेल्या पात्याने साल आपल्याकडे ओढत सोलून काढायची, कारण सालीखाली ओल साचते आणि किडे राहतात. साधारण साडेपाच फुटांचे तुकडे. जाड सोटाचे चार भाग, मध्यमाचे दोन, बारीक असला तर आख्खा. टोकाला कुऱ्हाडीने चार बाजूंनी तासून अणी काढायची. सालीजवळची रसकाष्ठाची पातळ पट्टी डांबावर राहते आणि काही वर्षांत कुजून भुगा होते. नवा मालक तेवढ्याने हवालदिल होतो. गाभ्याला काही झालेलं नसतं. डांबाने अंगावरचं जुनेर टाकलं, एवढंच.

युरोपीय मानकात गाभ्याचे टिकाऊपणानुसार पाच वर्ग आहेत. हे वर्ग मुळात आले एका साध्या आणि अत्यंत चिकाटीच्या प्रयोगातून: निरनिराळ्या लाकडांचे दोन इंच चौरस खुंट जमिनीत पुरायचे आणि वाट बघायची. पहिला वर्ग पंचवीस वर्षांहून जास्त, दुसरा पंधरा ते पंचवीस, आणि उतरत उतरत पाचवा पाच वर्षांच्या आत. चांगला साग पहिल्यात. चेस्टनट दुसऱ्यात, ओकच्या मांडीला मांडी लावून. आकडे दोन इंची खुंटाचे आहेत हे विसरायचं नाही. चार इंची डांब त्याहून खूप पुढे जातो.

चेस्टनटला जास्त वाढवून उपयोगही नाही. म्हाताऱ्या, जाड झाडाच्या लाकडात वर्षवलयं एकमेकांपासून सुटतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. फळी कापायला जावं तर तिचे तुकडे हातात येतात. आणि भराभर वाढलेलं लाकूड हलकं असतं ही समजूतही इथे उलटी पडते. चेस्टनटमध्ये वसंतात मोठ्या भोकांचं सच्छिद्र लाकूड तयार होतं आणि उन्हाळ्यात घट्ट. वसंताचा पट्टा दरवर्षी साधारण तेवढाच असतो. वाढ जोमाची झाली तर वाढतो तो घट्ट भाग. म्हणून जोमात वाढलेला सोट उलट जड आणि मजबूत निघतो. एकूण काय, ज्या वयात इतर झाडं मिसरूड फुटायची वाट बघतात, त्या वयात याची उमेद आणि अक्कल दोन्ही एकत्र आलेली असतात.

केंटमध्ये हे रान वाढलं ते मात्र कुंपणासाठी नव्हे, बिअरसाठी. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेली उंच काठ्यांवर चढवत आणि एकरी हजारो काठ्या लागत. जमिनीत कुजलेलं टोक दरवर्षी तासून काठी पुन्हा उभी करत; घोटा तिथेही होताच. एकोणिसाव्या शतकात काठ्या क्रिओसोट या डांबरी तेलात बुडवून टिकाऊ करणं सुरू झालं, मग तारांचे मांडव आले, आणि काठ्यांची मागणी ओसरली. रानं ओस पडायची वेळ आली तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेल्या चिपांचं कुंपण मदतीला आलं: पातळ चिपा दोन-तीन पिळलेल्या तारांमध्ये ओवायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करायची. या कुंपणासाठी ब्रिटनमध्ये स्वतंत्र मानक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य याच गुंडाळ्या चिखलावर अंथरून गाड्या पुढे नेत असे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर आजही वाळूच्या टेकड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून हीच कुंपणं लावतात. वारा चिपांमधून गाळून जातो, वेग कमी होतो, वाळू तिथेच बसते. सलग भिंत उभारली असती तर वाऱ्याने तिच्या पायथ्याला खड्डा पाडला असता.

तोडीने रान मरतं, असं आपल्याला वाटतं. कँटरबरीजवळच्या ब्लीन जंगलात हीथ फ्रिटिलरी नावाचं एक फुलपाखरू आहे, ब्रिटनमधलं अतिशय दुर्मीळ. त्याच्या अळ्या खातात ती वनस्पती उघड्या, ऊन लागणाऱ्या जागीच वाढते. सोट वाढून सावली दाट झाली की ती संपते आणि फुलपाखरू निघून जातं. म्हणून तिथे दरवर्षी जंगलाचा एकेक तुकडा मुद्दाम तोडतात आणि फुलपाखरं एका कूपातून दुसऱ्या कूपात बिऱ्हाड हलवत राहतात.

अटलांटिकपलीकडे या झाडाचा भाऊ होता, अमेरिकन चेस्टनट. ॲपलाचियन डोंगरांतल्या वसाहतींची कुंपणं, तारांचे खांब, रेल्वेचे स्लीपर, सगळं त्याचं. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात काही झाडांच्या सालीवर चट्टे दिसले. आशियातून आलेली ती बुरशी होती. लाकूड खाणारी नव्हे, साल मारणारी. टॅनिनचा बंदोबस्त गाभ्यात आणि शत्रू शिरला सालीतून. पुढच्या पन्नास वर्षांत तीन ते चार अब्ज झाडं गेली असा अंदाज आहे. मेलेली झाडं मात्र कुजेनात. ती दशकानुदशकं तशीच उभी राहिली आणि लोक ती कापून वापरत राहिले. अजूनही त्या जंगलांत जुन्या मुळांतून धुमारे फुटतात, काही वर्षं वाढतात, आणि बुरशी त्यांना गाठते. कुणीही न लावलेला, कधीही हाती न येणारा खोडवा.

१९३८ मध्ये तीच बुरशी इटलीत जिनोआजवळ सापडली, तेव्हा युरोपचंही असंच होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण १९५०च्या दशकात तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली: काही झाडांच्या जखमा आपोआप भरत होत्या. बुरशीलाच आजार झाला होता. एका विषाणूने तिला पछाडलं होतं आणि तिची धार गेली होती. त्या आजारी बुरशीचा प्रसार करून युरोपातली पुष्कळ झाडं वाचवली गेली. २०११ मध्ये साल मारणारी ती बुरशी इंग्लंडमध्येही आढळली, आणि तिथले वनाधिकारी तेव्हापासून सावध आहेत.

ज्यांच्या गावात चेस्टनट नाही त्यांनी काय करायचं, या प्रश्नाचं विसाव्या शतकातलं उत्तर डेहराडूनहून आलं. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधलं. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक खुणा जोडून त्याला नाव दिलं 'ॲस्क्यू'. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं. चेस्टनटच्या मरत्या पेशी जे करतात तेच, पण कारखान्यात, दाबाखाली. पाइनसारख्या स्वस्त लाकडाचे डांब जगभर याने टिकाऊ झाले. यात एक उलटापालट आहे: हे औषध शिरतं ते पाण्याच्या मोकळ्या नळ्यांतून, म्हणजे रसकाष्ठात. गाभ्यात ते नीट शिरत नाही, नळ्या बुजलेल्या असतात. म्हणजे कारखान्याला जेवढा हवा तेवढा भाग निसर्गाने टाकाऊ ठरवलेला. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे २००४ पासून युरोपात या औषधावर कडक बंधनं आली, सौम्य औषधांचे डांब लवकर मोडू लागल्याच्या तक्रारी शेतकरी करू लागले, आणि केंटच्या रानातल्या मोगऱ्यांना पुन्हा काम मिळालं.

वीस-पंचवीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, चेस्टनटचाही घोटा जातो. तोवर ज्या बुडख्यातून तो डांब निघाला त्याच्यावर पुढचा सोट केव्हाच तयार झालेला असतो, किंबहुना तोडीला आलेला असतो. जुना डांब टाकत नाहीत. कुजलेला घोटा कापून काढतात, उरलेल्याला नवी अणी काढतात आणि तो कमी उंचीच्या कुंपणात, वाफ्याच्या कडेला ठोकतात. त्याचाही घोटा गेला की मग चुलाण्यात. तिथेही तो मुकाट्याने जळत नाही. चेस्टनटचं सरपण तडतडतं, ठिणग्या उडवतं, म्हणून शेकोटीपुढे जाळी लावल्याशिवाय ते घालत नाहीत, आणि घातलं तरी जवळ सतरंजी ठेवत नाहीत.